टक्के नकोत, मोजमाप द्या

ठाणे महानगरपालिकेच्या सर्व १३१ नगरसेवकांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार. निवडून आल्याबद्दल अभिनंदन. हारतुरे, फटाके आणि चौकाचौकातले फलक आटोपले असतील असं धरून लिहितो आहे.

मार्च २०२२मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर १५ जानेवारी २०२६ला मतदान होईपर्यंत ठाण्याला नगरसेवकच नव्हता. माजी होते, भावी तर गल्लोगल्ली होते, चालू मात्र एकही नव्हता. नेमक्या याच काळात शहराच्या मध्यावर एवढी खोदाई झाली की स्टेशनला जायचा माझा रस्ता किती वेळा बदलला ते आता आठवत नाही. खोदणाऱ्यांना विचारायला सभागृह नव्हतं. आता ते आहे, म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे, फुकटात होण्याजोगं आहे, आणि त्यासाठी कुठे नारळ फोडायला लागणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो. नौपाड्यात राहतो. छत्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली. नोकरी खासगी ठेकेदारांकडे, पण कामं बहुतेक सरकारी: पूल, पाण्याच्या टाक्या, दोन-तीन शाळा. ओव्हरसियर म्हणून लागलो आणि शेवटची पंधरा वर्षं बिलिंग केलं. बिलिंगवाला म्हणजे साइटवरचा सगळ्यात नावडता माणूस. खात्याच्या ज्युनिअर इंजिनिअरबरोबर टेपचं एक टोक धरायचं, काम लांबी-रुंदी-उंचीने मोजायचं, आकडे मोजमाप पुस्तकात चढवायचे आणि त्यावर ठेकेदाराचं बिल काढायचं. काम न करता पैसे मागणाऱ्या मालकाशी भांडायचं आणि काम होऊनही मोजायला न येणाऱ्या खात्याशीही भांडायचं.

निवृत्तीनंतर टेप सुटली, सवय काही सुटली नाही. माझ्या गॅलरीतून एक मोठं काम दिसतं. कोणतं आणि कोणाचं ते मुद्दाम लिहीत नाही, कुणा एकाचं उट्टं काढायला हे पत्र नाही. सकाळी चहाचा कप कठड्यावर ठेवतो आणि एका लांब वहीत नोंद करतो. नमुन्यादाखल काही नोंदी:

‘८ जून. पिलरच्या टोपीचं शटरिंग लागलं. सळई बांधून पूर्ण. माणसं अकरा.’

‘१९ जून. शटरिंग तसंच. सळईला गंज. माणूस एक, तोही वॉचमन.’

‘२ ऑगस्ट. वॉचमन बदलला.’

बायको म्हणते, घरच्या दुधाचा हिशेब कधी एवढ्या मनाने लिहिला नाहीत.

त्याच कामाभोवती लावलेल्या पत्र्यांवर एक माहितीफलक आहे. कामाचं नाव, खर्च, ठेकेदार, कार्यादेशाची तारीख, काम पूर्ण करण्याची तारीख. असा फलक लावतात ही चांगलीच गोष्ट आहे. एकदा रिक्षाची वाट बघत त्याच्याशी उभा होतो. पूर्णत्वाच्या तारखेची पट्टी कोपऱ्यात उचकटली होती. नखाने जरा ओढली तर खाली दुसरी पट्टी, दुसरी तारीख. तिच्याही खाली आणखी एक. बटाटवड्याच्या कागदावर जुनी बातमी निघते तशा एकाखाली एक तीन तारखा निघाल्या. मी पट्टी पुन्हा नीट दाबून बसवली, सरकारी मालमत्ता आहे शेवटी. पण घरी येताना एकच गोष्ट डोक्यात राहिली. पहिली तारीख का हुकली आणि दुसरी कशाच्या जोरावर दिली, हे त्या फलकावर कुठेच नव्हतं. तारीख बदलते, तिचं कारण मात्र पट्टीखाली दडपलं जातं.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, शब्द मोजून. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं: ‘सदर काम प्रगतीपथावर आहे.’ नगरसेवकहो, हा प्रगतीपथ ठाण्यातला सगळ्यात लांब रस्ता असावा. त्याच्यावर इतकी कामं इतकी वर्षं उभी आहेत की घोडबंदर रोड त्यापुढे मोकळा वाटावा.

आता मुद्द्याचं. मोठ्या कामाची प्रगती विचारली की यंत्रणा टक्के सांगतात. ८० टक्के काम पूर्ण, ९२ टक्के काम पूर्ण. वर्तमानपत्रं छापतात, आपण वाचतो, आणि सहा महिन्यांनी ९२चे ९४ झालेले वाचतो. बिलिंगमध्ये हाडं झिजवलेला माणूस म्हणून सांगतो, हा टक्का फार फसवा असतो. पहिली गोष्ट, टक्के कशाचे? पैशाचे की कामाचे? ठेकेदाराला सुरुवातीला यंत्रसामग्रीसाठी आगाऊ रक्कम मिळते. सळई, सिमेंट साइटवर येऊन पडलं की त्यापोटीही उचल मिळू शकते. म्हणजे पैशाचे टक्के चढलेले असू शकतात आणि काम अजून गंजत पडलेल्या सळईत असू शकतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पुलाचा पाया, पिलर, गर्डर यांत बहुतेक पैसा जातो. ते झालं की कागदावर काम नव्वदीला पोचतं. उरलेल्या दहात रेल्वेमार्गावरचा एक गाळा, म्हणजे दोन पिलरांमधला भाग, असतो, एक जोडरस्ता असतो, पाण्याच्या एका मुख्य वाहिनीचं स्थलांतर असतं. हिशेबात ते किरकोळ, पण त्याच्याशिवाय पूल म्हणजे नुसतं काँक्रिटचं शिल्प. लग्नाचा हॉल, जेवण, वाजंत्री, बस्ता सगळं झालंय आणि भटजी यायचे आहेत, तर तयारी ९५ टक्के झाली असं म्हणायला हरकत नाही. लग्न मात्र लागलेलं नसतं.

कोपरीचा पूल आठवा. मुंबईहून येणारा आठ पदरी महामार्ग रेल्वेवरच्या त्या पुलाशी चार पदरी व्हायचा आणि आपण सगळे नरसाळ्यात ओतल्यासारखे त्यात अडकायचो. रुळांवरचा भाग रेल्वेच्या हाती, दोन्हीकडचे पोहोचरस्ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे. कामाला २०१८मध्ये हात लागला. आधी दोन्ही कडांना नवे पदर, मग मधला जुना पूल पाडून तिथे नवा, असं करत पूर्ण पूल फेब्रुवारी २०२३मध्ये खुला झाला. धावत्या उपनगरी गाड्यांच्या डोक्यावर रात्रीचे ब्लॉक, म्हणजे वाहतूक थांबवून मिळणारा वेळ, घेऊन गर्डर चढवणं काय असतं ते मला माहीत आहे. त्या इंजिनिअरांबद्दल मनात आदरच आहे. पण त्या वर्षांत आम्हाला काय कळत होतं? ‘लवकरच.’ पुढचा ब्लॉक कधी, मिळाला की नाकारला, कोणी नाकारला, त्यामुळे पुढचं काय सरकलं, हे गाडीत बसून हॉर्न वाजवणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हतं.

मेट्रो चारचं तसंच. वडाळा ते कासारवडवली सुमारे ३२ किलोमीटर, पुढे गायमुखपर्यंत चार-अचं पावणेतीन किलोमीटरचं शेपूट. २०१८मध्ये सुरुवात, मूळ उद्दिष्ट २०२२चं. ठाण्याच्या टोकाला गायमुख ते विजय गार्डन अशी पहिली चाचणी धावली २२ सप्टेंबर २०२५ला. त्या दिवशी आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले, दोघांनी तर आपापला ऑफिसचा नवा मार्गही आखला. चाचणी आणि सेवा यांच्यामध्ये आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेच्या तपासण्या आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र असतं, ते मिळाल्याशिवाय एकही प्रवासी बसवता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि गाड्या रात्री उभ्या कुठे करायच्या? त्यासाठी मोघरपाड्याची कारशेड. तिथल्या जमिनीचा प्रश्न कित्येक वर्षं लोंबकळत होता. खाली तीन हात नाक्यावर उभं राहून वर पिलर मोजणाऱ्या माणसाला वाटायचं, पिलर तर झाले, आता काय राहिलं? खरी अडचण तिथून दहा-बारा किलोमीटरवर, शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यात होती.

इथे जरा तुलना करतो. आमच्या शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. नौपाड्यात आता कुठल्या शेजारच्या सोसायटीचं चालू नाही ते विचारा. सुनेने त्या बिल्डरच्या जाहिरातीवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, तो जाहिरातीत सक्तीचा केला आहे. पडद्यावर आर्किटेक्टचं सहीचं प्रमाणपत्र उघडलं. खोदाई, तळघर आणि जोतं, स्लॅब, आतल्या भिंती, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, संडास-बाथरूमची जोडणी, लिफ्ट. प्रत्येकापुढे झालेलं काम. मी बारा स्लॅब खिडकीतून मोजले होते, तिथेही तेवढेच निघाले. मला त्या दिवशी उगाच समाधान वाटलं, जुन्या हिशेबनिसाला ताळेबंद जुळल्यावर वाटतं तसं.

हे आपोआप आलेलं नाही. २०१६चा स्थावर संपदा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७पासून पूर्णपणे लागू झाला. दर तीन महिन्यांनी प्रगती संकेतस्थळावर टाकायची ही बिल्डरची कायदेशीर जबाबदारी झाली. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट अशी तीन प्रमाणपत्रं. तिमाही माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केली आहे. म्हाडा-सिडकोच्या घरबांधणीलाही हा नियम लागतो. म्हणजे सातशे चौरस फुटांच्या फ्लॅटचा हिशेब मला बसल्या जागी मिळतो आणि शेकडो कोटींच्या ज्या कामावर माझा कर खर्च होतो त्याचा हिशेब ‘प्रगतीपथावर’ असतो. बिल्डरवर विश्वास नाही म्हणून कायदा केला, ते ठीकच. पण सरकारी कामात विश्वासाचा प्रश्नच येत नाही असं कोणी ठरवलं?

अधिकारी म्हणतील, प्रत्येक कामाची अशी माहिती गोळा करायला माणसं कुठून आणायची? इथेच माझं बिलिंगवाल्याचं म्हणणं ऐका. ही माहिती नव्याने गोळा करायची नाहीच. ती आहे. मोजमाप पुस्तकात आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी हे पुस्तक पाहिलं नसेल त्यांनी एकदा मागवून बघा. पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर एका रेघेने कापायचा, शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची. ज्युनिअर इंजिनिअर मोजतो, उपअभियंता त्यातला काही भाग स्वतः तपासतो, वरचा अधिकारी आणखी काही. त्यावर बिल निघतं. आता ठिकठिकाणी हेच संगणकावर भरतात. ईपीसी प्रकारच्या कंत्राटात, म्हणजे आराखड्यापासून बांधकामापर्यंत सगळं एकाच ठेकेदाराकडे असतं तिथे, घनमीटरऐवजी टप्प्यांवर पैसे देतात, तिथे टप्पा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र असतं, एवढाच फरक. किती पाइल (पायाचे जमिनीतले खांब) घातले, किती पिलर उभे, किती गर्डर चढले, किती मीटर नाला बांधला, हे ठाण्यातल्या प्रत्येक चालू कामाबाबत कुठल्या ना कुठल्या टेबलावर तारखेनिशी लिहिलेलं आहे. ते नसेल तर आणखी गंभीर गोष्ट आहे, कारण मग बिलं कशावर निघाली?

म्हणून माझं मागणं हे, की टक्के नकोत, मोजमाप द्या. ‘८५ टक्के’ऐवजी ‘४२पैकी ३८ गर्डर चढले, उरलेले चार रेल्वेच्या ब्लॉकसाठी थांबले आहेत’ असं एक वाक्य. हे वाक्य आठवीतला मुलगाही समजून घेईल आणि पुढच्या तिमाहीत ३८चे ३८च राहिले तर तोसुद्धा विचारील.

दर तीन महिन्यांनी, कामागणिक एक पान. ते महासभेपुढे यावं आणि त्याच दिवशी त्या कामाच्या पत्र्यावर, तारखेच्या पट्टीशेजारी, लागावं. संकेतस्थळावर टाकाच, पण पत्र्यावर हवंच. बरीचशी माणसं संकेतस्थळावर जात नाहीत, पत्र्यासमोरून रोज जातात.

यंत्रणा अनेक आहेत, त्या महापालिकेचं ऐकतील का, हा प्रश्न तुम्हाला पडेल. रास्त आहे. मेट्रो एमएमआरडीएची, रूळ मध्य रेल्वेचे, वर्तुळाकार मेट्रो महा मेट्रोची, विजेच्या तारा महावितरणच्या, गॅसची वाहिनी आणखी कोणाची. कोणी तुमच्या हाताखाली नाही. पण शहराच्या रस्त्यावर कुदळ मारायला परवानगी लागते ती तुमच्या महापालिकेची. झाड हलवायचं तर वृक्ष प्राधिकरण तुमचं. रस्ता बंद करायला पोलीस ना-हरकत देतात, तेही पालिकेशी बोलूनच. परवानगीच्या कागदावर आणखी एक अट टाकायला लागते ती फक्त शाई. तिमाही प्रगतिपत्रक दिलं नाही तर पुढची खोदाई परवानगी नाही. बघा मग कशी पटापट पानं येतात.

आता तुम्ही म्हणाल, काम रखडलं तर रखडलं, कागद लावून ते लवकर होणार आहे का? खरं सांगू, होईलच असं मी म्हणत नाही. दिल्ली मेट्रोच्या वेळी तिचे प्रमुख श्रीधरन यांनी कार्यालयांत उलटी घड्याळं लावली होती, उद्घाटनाला किती दिवस उरले ते दाखवणारी. ती काम करणाऱ्यांसाठी होती आणि त्यामागे श्रीधरन होते. मी ज्यांच्यासाठी मागतो आहे ते पत्र्याच्या या बाजूचे लोक आहेत.

आमच्या रस्त्यावर एक मॅचिंग सेंटर आहे. पत्रे लागल्यापासून गाळा समोरून दिसतच नाही, शिरायला दीड हात वाट. ती चालवणारी बाई मला साइटवाले काका म्हणून ओळखते. मागच्या महिन्यात अस्तराचं कापड फाडता फाडता तिने विचारलं, “काका, पत्रे दिवाळीपर्यंत निघतील का हो? गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार मेमध्ये संपतोय. मालक भाडं वाढवून मागतोय. पत्रे निघणार असतील तर देईन, नसतील तर गाळा सोडते आणि घरूनच फॉल-पिकोचं बघते.”

मी काय सांगणार? मला दिसत होतं की चार टोप्यांचं काँक्रिट बाकी आहे. तेवढं काम मन लावून केलं तर दोन महिन्यांचं आहे. पण ते का थांबलंय ते मला गॅलरीतून दिसत नाही. म्हटलं, विचारून बघतो. साइटवर लातूरकडचा एक तरुण इंजिनिअर आहे, मला सर म्हणतो, मधूनमधून ड्रॉइंगही दाखवतो. त्याने इकडे तिकडे बघून सांगितलं, “सर, खालची पाण्याची लाइन हलवायची मंजुरी अडकलीये. ती आली की आम्ही लगेच चालू करू. पण हे आम्हाला बाहेर सांगायची ऑर्डर नाही.” वॉचमनला विचारलं तर त्याचं उत्तर अजून सोपं: “क्रेन नहीं आया अंकल.” तिला मी यातलं काय सांगायचं? दुकान ठेवायचं की सोडायचं हे एका पोरीने वॉचमनच्या अंदाजावर ठरवायचं का? तेही मंजुरीचा कागद शहरातल्याच कुठल्या तरी टेबलावर पडलेला असताना?

तिला नुसतं एवढं कळलं असतं की ‘जलवाहिनी स्थलांतर: मंजुरी प्रलंबित, अमुक तारखेपासून’, तर तिने आपलं गणित आपण मांडलं असतं. तिला तारखेची हमी नको आहे.

मी साइटवर असताना, हे ठाण्यातलं नाही, एकदा पाइल घेताना ड्रॉइंगवर नसलेली विजेची केबल लागली. अकरा दिवस रिग बंद. कोणाचाच दोष नव्हता, ती केबल कोणी कधी टाकली त्याचा नकाशाच कुणाकडे नव्हता. पण समोरच्या हॉटेलवाल्याला आम्ही काही बोललो नाही, मालकाची सक्त ताकीद होती. आठव्या दिवशी गावभर झालं की ठेकेदार पैसे घेऊन पळाला. नवव्या दिवशी कोणीतरी आमच्या ऑफिसच्या काचा फोडल्या. केबल सापडल्याचा एक कागद बाहेर चिकटवला असता तर काचांचे पैसे वाचले असते. तेव्हापासून मला ‘लोक गैरअर्थ काढतील’ ही सबब पटत नाही. लोकांना काहीच सांगितलं नाही की ते हमखास गैरअर्थ काढतात.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण मध्यवर्ती ठाण्यातली खरी खोदाई अजून यायची आहे. वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ला मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, खर्च सुमारे १२,२०० कोटी, उद्दिष्ट २०२९. त्यातली फक्त दोन स्थानकं जमिनीखाली आहेत, त्यातलं एक ठाणे स्टेशनपाशी. म्हणजे जिथे सॅटिसच्या, स्टेशनबाहेरच्या उन्नत पुलावरच्या, बस, रिक्षांची रांग, गावदेवीची भाजी आणि संध्याकाळी सहाची गर्दी असते, त्याच्या आसपास आणि पोटात. शिवाय पूर्व द्रुतगती महामार्गावर आनंदनगर ते साकेत असा सव्वाआठ किलोमीटरचा उन्नत रस्ता, म्हणजे मेट्रो चारच्या पिलरांनी आधीच भरलेल्या पट्ट्यात आणखी पिलर. सिव्हिल हॉस्पिटलच्या जागी ९०० खाटांची नवी इमारत. कोपरीकडचा पूर्वेचा सॅटिस स्मार्ट सिटीतून सुरू झाला, आणि ते मिशनच ३१ मार्च २०२५ला संपलं. मानसिक आरोग्य रुग्णालयाच्या जागेवरचं नवं स्टेशन आपण किती वर्षं ऐकतोय ते तुम्ही तुमच्या वडिलांना विचारा. बोरिवलीचा बोगदा मी यात धरत नाही, तो डोंगराखालून जातो आणि त्याचं तोंड मध्यवस्तीत नाही.

बरं, सगळंच रडगाणं नाही. गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी बंद झालं आणि २०२५मध्ये पुन्हा उघडलंही. पहिल्याच आठवड्यात जाऊन मागची खुर्ची तपासून आलो. कामं होतात. १८५०च्या अखेरीस शीवजवळ कामाला हात लागला आणि १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून आगगाडी ठाण्याला पोचली, ३४ किलोमीटर, अडीच वर्षांत. त्यांना जमिनीखाली केबल आणि जलवाहिन्या लागत नव्हत्या हे मान्य, आणि मजुरांचे हाल कोण विचारत होतं हेही मान्य. तरी ठाणेकर म्हणून हा आकडा मनात टोचत राहतो.

केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांचा नियमित अहवाल काढतं: कोणता प्रकल्प किती महिने मागे, खर्च मुळात किती आणि आता किती. देशभराचा असा अहवाल निघू शकतो, तर नौपाड्यापासून कोपरीपर्यंतच्या चार चौरस मैलांचा निघायला काय हरकत आहे? माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात तर यंत्रणांनी माहिती स्वतःहून जाहीर करायची असंच म्हटलं आहे. मला दहा रुपयांचा स्टॅम्प लावायची वेळच यायला नको होती.

तुमच्यापैकी कोणत्या पक्षाचा कोण, याच्याशी मला देणंघेणं नाही. आपलं काम वेळेत होतंय हे दाखवायला सत्ताधाऱ्यांना हा कागद उपयोगी पडेल आणि होत नाहीये हे दाखवायला विरोधकांनाही. दोघांच्या फायद्याची अशी गोष्ट महापालिकेत वारंवार मिळत नाही.

काम सोपं जावं म्हणून महासभेत विचारायच्या प्रश्नाचा मसुदा खाली देतो आहे. भाषा मुद्दाम दप्तरी ठेवली आहे. खाली सही करा आणि सचिव कार्यालयात द्या. माझं नाव घालायची गरज नाही.

‘शहराच्या मध्यवर्ती भागात, म्हणजे ठाणे स्थानक परिसर, नौपाडा, जांभळी नाका, तीन हात नाका व कोपरी येथे, महापालिका अथवा अन्य शासकीय यंत्रणेमार्फत सुरू असलेल्या रुपये दहा कोटी व त्यावरील प्रत्येक बांधकामाबाबत (१) करारातील एकूण परिमाण व मागील तिमाहीअखेर मोजमाप पुस्तकात नोंदलेले परिमाण; (२) मूळ मुदत, आजवर दिलेल्या मुदतवाढी व प्रत्येक मुदतवाढीचे कारण; (३) सद्यःस्थितीत थांबलेला कामाचा भाग, तो कोणत्या परवानगीअभावी व कोणत्या दिनांकापासून थांबला आहे, याचे एकपानी पत्रक दर तिमाहीस सभागृहापुढे ठेवण्यात व कामाच्या जागी प्रदर्शित करण्यात येईल काय? असल्यास, केव्हापासून? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’

आपला,
नौपाड्यातला एक निवृत्त बिलिंगवाला